‘कानून’चा प्रतिनिधी आणि कलम ८४

२७ ऑगस्ट १९६८ रोजी मुंबई पोलिसांनी पकडलेल्या माणसाजवळ काय काय होते, याची यादी आजही वाचायला मिळते. एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पावडर आणि आकडेमोड केलेले दोन कागद. अंगातल्या बुशशर्टावर आणि खाकी अर्ध्या चड्डीवर रक्ताचे डाग होते, बूट चिखलाने माखले होते. पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या वर्णनावरून त्याला ओळखणारे उपनिरीक्षक अलेक्स फियाल्हो यांनी दोन प्रतिष्ठित नागरिकांना साक्षीला घेऊनच त्याला ताब्यात घेतले होते, त्यामुळे ही यादी पोलिसांच्या एकट्याच्या शब्दावर उभी नाही.

यादीतल्या शेवटच्या दोन कागदांपाशी मी दरवेळी अडखळतो. गुन्हा शाबीत करायला रक्ताचे डाग कामाचे, आकडे बिनकामाचे. पण त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेले, कोणी विचारले नसताना लिहिलेले असे या प्रकरणात आपल्यापर्यंत आले ते एवढेच. बाकी जे काही त्याच्या मनाबद्दल आपण वाचतो, ते सगळे कोणीतरी काहीतरी विचारल्यावर निघालेले उत्तर आहे. विचारणारा बदलला की उत्तरही बदलते, आणि रमण राघवच्या बाबतीत विचारणारे बरेच होते.

नाव विचारल्यावर त्याने ‘सिंधी दलवाई’ असे सांगितले. बोटांचे ठसे जुन्या दप्तराशी जुळवल्यावर तो रमण राघव निघाला. तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी ही आणखी नावेही दप्तरात होतीच. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षे तुरुंगात काढली होती. त्याहून बोचणारी नोंद १९६५-६६ची. त्या काळात मध्य रेल्वेच्या मार्गालगतच्या झोपड्यांत आणि फूटपाथवर झोपलेल्या एकोणीस माणसांवर रात्री जीवघेणे हल्ले झाले, त्यांतले नऊ जण मेले. संशयावरून ज्याला उचलले तो हाच होता. पण त्याला मारताना पाहणारे कोणी नव्हते, म्हणून सोडून द्यावे लागले. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा तशाच रात्री सुरू झाल्या आणि तपास क्राइम ब्रँचच्या रमाकांत कुलकर्णींकडे आला.

त्या ऑगस्टमध्ये शहरात काय वातावरण होते ते अफवांवरून कळते. मारेकरी पोपट होतो, मांजर होतो, अशा वदंता होत्या. लोक उकाड्यातही दारे-खिडक्या लावून झोपत. ज्यांना दारे होती ते. मेलेल्यांपैकी बहुतेकांना दार नव्हते, किंवा होते ते तट्ट्याचे. त्यांच्याबद्दलचे कागद म्हणजे प्रेताचा पंचनामा आणि शवचिकित्सेचा अहवाल. मारेकऱ्याच्या मनाचा पाच-पाच बैठका घेऊन शोध घेतला गेला. मेलेला माणूस कुठून आला होता, त्याच्या पाठीमागे गावी कोण होते, हे विचारणारा रकाना त्या छापील नमुन्यांत फारसा नसतोच. या विषमतेला कोणा एकाला दोष देता येणार नाही, पण असल्या गुन्ह्यांचे ‘मानसशास्त्र’ लिहिताना ती डोळ्यांआड करून चालत नाही.

अटकेनंतर तो काही केल्या बोलेना. मग घडले ते मुंबईत पन्नास वर्षे सांगितले जात आहे. काय हवे असे विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली. पोटभर खाल्ल्यावर पुन्हा विचारले, पुन्हा कोंबडी. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, की खरे तर वेश्या हवी होती, पण कोठडीतल्या माणसाला ते कायद्याने मिळणार नाही, तेव्हा खोबरेल तेल, कंगवा आणि आरसा द्या. अंगाला तेल चोळून, केस विंचरून, आरशात स्वतःला न्याहाळून झाल्यावर त्यानेच पोलिसांना विचारले, तुम्हाला काय हवंय? खुनांची माहिती, असे उत्तर मिळाले. त्यावर तो उठला आणि लोखंडी हत्यार जिथे दडवले होते तिथे पोलिसांना घेऊन गेला.

ही हकिकत पोलिसांच्या बाजूने आलेली आहे, आणि तोंडोतोंडी सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे. तिचे नाट्य कोंबडीत आहे असे सगळ्यांना वाटते. मला तिसरी मागणी महत्त्वाची वाटते. कोठडीत काय चालते आणि काय चालत नाही हे त्याला ठाऊक होते. न विचारता त्याने ते बोलून दाखवले. सरकारी वकिलाला याहून सोयीचे वाक्य मागूनही मिळाले नसते, कारण पुढचा सगळा खटला याच मुद्द्याभोवती फिरणार होता: कायदा काय आहे हे या माणसाला कळत होते का?

कबुलीजबाब त्याने मॅजिस्ट्रेटसमोर सविस्तर दिला. त्यातले आकडे सावधपणे घ्यावे लागतात. एका नोंदीप्रमाणे त्याने १९६६ मध्ये जीआयपी मार्गालगत (रेल्वेचे नाव बदलून पंधरा वर्षे झाली तरी लोकांच्या आणि पोलिसांच्या तोंडी तेच होते) एक्केचाळीस जणांना आणि १९६८ मध्ये उपनगरांत डझनभरांना मारल्याचे सांगितले. दुसरीकडे तेवीस-चोवीस खुनांची कबुली असा उल्लेख येतो. पोलिसांच्या हिशेबात मात्र पहिल्या फेरीतले मृत्यू नऊच. एक्केचाळीस आणि नऊ यांतले अंतर भरून काढायला कोणताही कागद नाही. वर्तमानपत्रांनी आणि पुढे सिनेमांनी मोठा आकडा उचलला, कारण मोठा आकडा लक्षात राहतो. खटला चालला तो मालाड भागातल्या दोन खुनांचा.

सत्र न्यायालयात २ जून १९६९ रोजी सुनावणी सुरू होताच बचावाच्या वकिलाने अर्ज दिला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आरोपी आज स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत नाही, ही एक. आणि गुन्ह्याच्या वेळीही तो मनोविकल होता, आपण काय करतो आहोत किंवा ते कायद्याविरुद्ध आहे हे समजण्याची कुवत त्याला नव्हती, ही दुसरी. पहिली गोष्ट खटल्याच्या दिवसाबद्दलची, दुसरी खुनाच्या रात्रीबद्दलची. वाचताना या दोन्हींची सरमिसळ होते आणि पुढचे सारे कागद चुकीचे वाचले जातात.

आरोपीला मुंबईच्या पोलीस सर्जनकडे पाठवले गेले. २८ जून ते ५ ऑगस्ट १९६९, म्हणजे साडेपाच आठवडे, तो त्यांच्या निरीक्षणाखाली होता. त्यांचे मत थोडक्यात असे: त्याला मनोविकृती नाही, बुद्धिमांद्य नाही, स्मरण शाबूत आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे, आपल्या कृत्याचे स्वरूप आणि हेतू त्याला समजतात, खटला कशासाठी चालला आहे हेही समजते. वेडा म्हणून दाखला देता येईल अशी त्याची अवस्था नाही. या मतावर खटला पुढे चालला आणि आरोपीने गुन्हा कबूल केला.

बचावाने नायर हॉस्पिटलमधले मनोविकारतज्ज्ञ साक्षीला आणले. ते आर्थर रोड तुरुंगात जाऊन त्याच्याशी बोलले होते. त्यांच्या साक्षीप्रमाणे आरोपीला दीर्घकाळापासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशयभ्रमांनी ग्रासलेली छिन्नमनस्कता होती, आणि त्यामुळे आपली कृत्ये कायद्याविरुद्ध आहेत हे त्याला समजू शकत नव्हते. वकिलाने याच आधारावर मांडणी केली: खून त्याने केले, आपण माणसे मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळत नव्हते.

दोन डॉक्टर, एक माणूस, दोन टोकांची मते. यातला एक खोटे बोलत होता असे समजण्याचे कारण नाही. पोलीस सर्जनने मोजली ती स्मृती, बुद्धी आणि प्रसंगाची जाण. भ्रमांनी ग्रासलेल्या माणसात हे तिन्ही उत्तम असू शकते. स्किझोफ्रेनियाच्या या प्रकारात विचारांची यंत्रणा सुरळीत चालते, फक्त तिला पुरवलेला मूळ समजच खोटा असतो. त्या समजाला कोणी हात घातला नाही तर माणूस तासन्‌तास शहाण्यासारखा बोलू शकतो.

पण मुळात डॉक्टरांना ‘कळत होते का’ असे विचारायचे कोणी ठरवले? याचे उत्तर मिळवायला लंडनला जावे लागते, आणि त्याआधी कलकत्त्याला.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या कायदा आयोगाने १८३७ मध्ये हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा जो मसुदा तयार केला, त्यातले वेडाविषयीचे कलम अगदी साधे होते. कृत्य करताना माणूस वेडा किंवा भ्रमिष्ट असेल आणि त्या वेडापायीच त्याने ते केले असेल, तर तो गुन्हा नव्हे. कळत होते की नव्हते याचा तिथे उल्लेखच नाही. विचारले आहे ते कारण: हे कृत्य वेडातून आले का? मसुदा मंजुरीविना पडून राहिला.

दरम्यान २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅकनॉटन नावाच्या ग्लासगोच्या लाकूड कातणाऱ्या कारागिराने चेरिंग क्रॉसजवळ एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. पाच दिवसांनी ते वारले. मॅकनॉटनने त्यांनाच पील समजून गोळी घातली असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने दिलेल्या छोट्याशा जबाबात सांगितले, की त्याच्या गावचे टोरी लोक त्याचा पाठलाग करतात, जाईल तिथे छळतात, त्यांनी त्याला हे करायला भाग पाडले. त्याच्याजवळ साडेसातशे पौंडांच्या बँक ठेवीची पावती सापडली. म्हणजे कफल्लक, भरकटलेला माणूस नव्हे. बचावाचे वकील अलेक्झांडर कॉकबर्न यांनी अमेरिकन डॉक्टर आयझॅक रे यांच्या १८३८च्या ग्रंथाचा आधार घेत दाखवून दिले, की बाकी सर्व व्यवहारांत शहाणा दिसणारा माणूस एका भ्रमाच्या पूर्ण कह्यात असू शकतो. वैद्यकीय साक्षी इतक्या एकमुखी होत्या की मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी खटला तिथेच आवरता घेतला. ज्युरीने वेडाच्या कारणावरून त्याला निर्दोष ठरवले आणि त्याची रवानगी बेथलेमच्या मनोरुग्णालयात झाली.

राणी व्हिक्टोरिया संतापली. तिच्यावर स्वतःवर १८४०मध्ये आणि १८४२मध्ये हल्ल्याचे प्रयत्न झाले होते. लॉर्ड्सच्या सभागृहाने न्यायाधीशांपुढे पाच प्रश्न ठेवले आणि १९ जून १८४३ रोजी त्यांनी उत्तरे दिली. तेच ‘मॅकनॉटन नियम’. मनाच्या रोगामुळे माणसाला आपल्या कृत्याचे स्वरूप कळत नसेल, किंवा ते कळत असूनही ते चूक आहे हे कळत नसेल, तरच तो सुटेल. सुटका केल्याबद्दल ओरड झाल्यावर, शांत डोक्याने नव्हे तर घाईने आखलेली ही रेषा आहे. खुद्द मॅकनॉटन या नियमांखाली सुटला असता का, याविषयी कायदेपंडितांना तेव्हापासून शंका आहे. आणि याच रेषेने १८६०च्या भारतीय दंडसंहितेत १८३७च्या कलमाची जागा घेतली. कलम ८४: मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप, किंवा आपण करतो ते चूक किंवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ असलेल्या माणसाचे कृत्य गुन्हा नाही.

यातल्या ‘किंवा’ने अधूनमधून वाट काढून दिली आहे. कलकत्ता हायकोर्टाने १९४९ मध्ये अशा एका बापाला निर्दोष ठरवले, ज्याने स्वप्नातल्या आज्ञेप्रमाणे आपल्या लहान मुलाचा बळी दिला होता. आपण पुण्यकर्म करतो आहोत अशीच त्याची समजूत होती, तेव्हा ते चूक आहे हे त्याला कळणे शक्य नव्हते, असे कोर्टाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे, पण तो दिवाणी दाव्याइतकाच, आणि पाहायचे ते नेमक्या त्या वेळचे मन, त्यासाठी आगेमागेचे वर्तन. फूटपाथवर राहणाऱ्या, नातेवाईक नसलेल्या माणसाच्या ‘आगेमागच्या वर्तना’ची साक्ष द्यायला कोण येणार?

अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी रमण राघवला दोषी ठरवून फाशीची शिक्षा दिली. त्याने अपील करायला नकार दिला. गोष्ट इथेच संपली असती, पण फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, अपील असो वा नसो. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ही तरतूद (आरोपीला नको असलेली ही मदत) नसती, तर या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद जन्मालाच आला नसता. हायकोर्टाने सर्जन जनरलना तीन मनोविकारतज्ज्ञांचे खास मंडळ नेमायला सांगितले. मंडळापुढचे प्रश्न दोन: आरोपी मनोविकल आहे का, आणि त्यामुळे तो स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे का? दोन्ही प्रश्न खटल्याच्या दिवसाबद्दलचे. खुनाच्या रात्रीबद्दल मंडळाला विचारलेच गेले नाही.

मंडळाने पाच बैठका घेतल्या, प्रत्येक सुमारे दोन तासांची. लहानपणाची भरवशाची माहिती मिळाली नाही, असे अहवाल सांगतो. मानसशास्त्रीय लेखनात सगळी भिस्त बालपणावर असते. इथे ती जागा रिकामीच आहे, आणि मंडळाने ती कल्पनेने भरली नाही. भ्रमांची नोंद मात्र नेटकी आहे. जगे दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि दुसरे हे, ज्यात आपण राहतो. लोक त्याला बाई करू पाहतात, पण तो ‘कानून’चा प्रतिनिधी असल्यामुळे त्यांना ते साधत नाही. पुरुषांशी संबंधाची लालूच दाखवली जाते ती त्यासाठीच. तो एकशे एक टक्के पुरुष आहे, हे तो पुन्हा पुन्हा बजावत राहिला. तो ‘शक्ती’ आहे. सरकारनेच त्याला चोऱ्या करण्यासाठी मुंबईत आणले आणि गुन्हे करायला लावले. देशात तीन सरकारे आहेत: अकबराचे, इंग्रजांचे आणि काँग्रेसचे. तिन्ही त्याच्या पाठीमागे लागली आहेत.

शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना आपण शिवत नाही, असे त्याने सांगितले.

कायद्याने विचारले होते, तुझे कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे तुला ठाऊक होते का? आणि हा माणूस म्हणत होता, कायदा म्हणजे मीच. पोलीस कोठडीत काय मिळते आणि काय नाही हे त्याला पक्के ठाऊक होते, पण ते या जगाचे नियम. त्यांच्यावर दुसरी सत्ता होती. पोलीस सर्जनला पहिले दिसले, नायरच्या डॉक्टरांना दुसरे, आणि कलम ८४ला ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच हवे होते. १८३७चा मसुदा टिकला असता तर प्रश्न निराळा पडला असता आणि तो सोपा असता असेही नाही. कारण या भ्रमांतून झोपलेल्या गरिबाच्या डोक्यात लोखंड घालण्यापर्यंत जाणारा रस्ता अहवालात कुठे दिसत नाही. अकबराचे सरकार छळते, म्हणून झोपडीतल्या मजुराला मारायचे, यात ‘म्हणून’ कुठून आला? मॅकनॉटनच्या बाबतीत दुवा निदान सलग होता: टोरी छळतात, पील टोरी, म्हणून गोळी. इथे एका बाजूला भ्रमांची यादी आहे, दुसऱ्या बाजूला प्रेतांची, आणि मध्ये मोकळी जागा.

ती जागा सगळ्यांना खुणावते. १९९१ मध्ये श्रीराम राघवनने रघुवीर यादवला घेऊन लघुपट केला, २०१६ मध्ये अनुराग कश्यपने केवळ नाव आणि सावली घेऊन वेगळीच गोष्ट रचली. कलाकृतीला ते स्वातंत्र्य आहे. ‘वेडाच होता, म्हणून मारले’ हे घरोघरी दिले जाणारे स्पष्टीकरण मात्र कागदांनी दिलेले नाही आणि ते अन्यायाचेही आहे. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या बहुसंख्य माणसांच्या हातून कधी कोणाला इजा होत नाही. त्यांच्याच वाट्याला इतरांकडून मारहाण अधिक येते. निदान म्हणजे कारण नव्हे. मंडळाने निदान केले आणि तिथेच हात राखला. मला त्या अहवालाचा मोठेपणा यातच वाटतो.

फाशी झाली नाही. त्याला येरवड्यात ठेवून मनोरुग्णालयात उपचार सुरू झाले. पुढे डॉक्टरांच्या पथकाने तो कधीही बरा होणार नाही असा अभिप्राय दिला, आणि ४ ऑगस्ट १९८७ रोजी मुंबई हायकोर्टाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. अटकेला तेव्हा एकोणीस वर्षे होत आली होती. १९९५ मध्ये तो मूत्रपिंडाच्या विकाराने पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. मॅकनॉटनने बेथलेम आणि ब्रॉडमूरमध्ये मिळून बावीस वर्षे काढली होती, राघवने सत्तावीस. एक कायद्याने निर्दोष, दुसरा दोषी.

शिक्षा ठोठावल्यानंतरचा गंभीर मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये, महाराष्ट्रातूनच आलेल्या एका प्रकरणात, ठामपणे मांडले. त्या निकालात कैद्याचे नाव मुद्दाम झाकून त्याला फक्त ‘आरोपी एक्स’ म्हटले आहे. मूळ प्रश्नाला मात्र कोणी हात लावलेला नाही. २०२३ मध्ये दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आणताना पहिल्या विधेयकात ‘मनोविकलता’ काढून ‘मानसिक आजार’ घातला गेला होता. संसदीय समितीने आक्षेप घेतला आणि अंतिम कायद्यात जुनाच शब्द परत आला. १८६०चे वाक्य आता कलम २२ मध्ये आहे.